बधिरांधत्व आणि बहुविकलांगता एक नव्हेत

बहुविकलांगता म्हणजे काय, हे कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना आणि पालकांना नव्याने सांगायला नको. ऐकू येत नाही आणि जोडीला पायही अधू, असं मूल त्यांनी पाहिलेलं असतं. घोळ होतो तो बधिरांधत्वालाही, म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्ही अधू असण्यालाही, त्याच पंगतीत बसवताना. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही 'बहुविकलांगता, बधिरांधत्वासह' असा एकच गट आहे.

पाय अधू असलेल्या कर्णबधिर मुलीला कॅलिपर द्या आणि सांकेतिक भाषा शिकवा. एक उपाय दुसऱ्याच्या आड येत नाही, कारण तिचे डोळे शाबूत आहेत. बधिरांधत्वात नेमकं इथेच अडतं. कान गेले तर माणूस डोळ्यांवर भिस्त ठेवतो, डोळे गेले तर कानांवर. इथे दोन्ही आधार एकदम डळमळीत होतात. म्हणूनच 'त्याला थोडं दिसतं की, मग बधिरांध कसला?' हा प्रश्न ऐकला की माझा संताप होतो. बहुतेक बधिरांध व्यक्तींना थोडंफार दिसतं किंवा ऐकू येतं, पण त्या थोड्यावर दुसऱ्याची भरपाई होत नाही.

अशर सिंड्रोम घ्या, म्हणजे कानांसोबत हळूहळू नजरही नेणारा आनुवंशिक आजार. मुलगा जन्मतः कर्णबधिर, सांकेतिक भाषेत तरबेज. पुढे तो तिन्हीसांजेला ठेचकाळू लागतो आणि हळूहळू नळीतून पाहिल्यासारखा नजरेचा घेर आकसतो. समोरच्याचा चेहरा दिसतो, पण कमरेपाशी केलेली खूण निसटते. त्याच्या अगदी जवळ जाऊन मोठाले हातवारे करू नका. दोन पावलं मागे सरा, खुणा छातीपाशी आटोपशीर ठेवा आणि उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या.

नजर आणखी गेली की स्पर्शाने बोलायचं. इथे माझा एकच हट्ट: मुलाचे हात वरून पकडून हलवू नका. तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे त्याला वाटेल तेव्हा हात काढून घेता येईल.

हक्कांच्या बाबतीतही हाच घोळ. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं २४वं कलम शिक्षणाबाबत बधिरांधांचा वेगळा उल्लेख करतं. आपल्याकडे नोकरीत कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांना मिळून १ टक्का राखीव आहे. बधिरांधांना मात्र स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि इतर बहुविकलांगांबरोबर १ टक्का वाटून घ्यावा लागतो.

तुमचं कर्णबधिर मूल अंधारात चाचपडत असेल, तर नुसता चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. अशरमध्ये सुरुवातीला समोरची अक्षरं नीट वाचता येतात. डोळ्याचा पडदा तपासून घ्या.