मल्टिपोर्ट सिरियल कार्डाच्या मेमरी-पत्त्याची निश्चिती

एका संगणकाला अनेक टर्मिनल, मोडेम किंवा प्रिंटर जोडणाऱ्या, आयएसए बसवरील (जुन्या पीसीतील कार्डे बसवण्याच्या जोडणीवरील) सिरियल कार्डाला मेमरीच्या पहिल्या १ मेगाबाइटमधील कोणती जागा द्यायची, हे स्विच किंवा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून हाताने ठरवण्याची पद्धत. झेनिक्स, युनिक्स आणि पुढे लिनक्स या कार्यप्रणाली चालवणाऱ्या यंत्रांवर तिची वारंवार गरज पडे. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसवर पत्ते यंत्र स्वतःच वाटू लागले.

साध्या सिरियल पोर्टाला मेमरीत जागा लागत नाही. ३एफ८ किंवा २एफ८ यांसारखे इनपुट-आउटपुट पत्ते त्याला पुरतात (येथील सर्व पत्ते सोळा-आधारी पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या अंकांनी लिहिले आहेत). आठ-सोळा पोर्टांची अनेक कार्डे मात्र आपली रॅम किंवा रजिस्टरे एका ‘विंडो’तून प्रोसेसरला त्याच्या स्वतःच्या मेमरीसारखी दाखवतात. ही विंडो प्रोग्रॅमांच्या ६४० किलोबाइटच्या वर, उरलेल्या ३८४ किलोबाइटमध्ये बसवावी लागे. तेथे ए०००० पासून व्हिडिओ मेमरी, सी०००० पासून बहुधा व्हीजीए या पडद्याच्या कार्डाची रॉम आणि एफ०००० पासून बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) असल्याने सहसा डी०००० ते डीएफएफएफएफ हाच पट्टा मोकळा सापडे. सायक्लेड्स कंपनीच्या सायक्लोम-वाय या मल्टिपोर्ट कार्डाची विंडो ८ किलोबाइटची असते. लिनक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) ते कार्ड डी०००० पासून डीई००० पर्यंतच्या आठ पत्त्यांवर शोधत असे.

जागा रिकामी दिसली म्हणजे ती योग्यच, असे नव्हे. सर्वांत फसवी अडचण रुंदीची, म्हणजे कार्ड एका वेळी किती बिट देते-घेते याची आहे. १६-बिट कार्ड आपली रुंदी ज्या पत्तारेषांवरून जाहीर करते, त्यांतून केवळ १२८ किलोबाइटचा ठोकळा ओळखता येतो, आणि सी०००० ते डीएफएफएफएफ हा सारा पट्टा अशा एकाच ठोकळ्यात येतो. त्यामुळे त्यात एखादे १६-बिट कार्ड असेल, तर पत्ते एकमेकांवर चढलेले नसतानाही शेजारच्या ८-बिट कार्डाशी होणारे व्यवहार बिघडू शकतात. हे ध्यानात न आल्यास निर्दोष कार्डच सदोष ठरवले जाते.

बायॉसमधील ‘शॅडो रॅम’ (रॉममधील मजकुराची मुख्य रॅममध्ये ठेवलेली प्रत वापरण्याची सोय) कार्डाच्या पट्ट्यापुरती बंद करणेही आवश्यक असते, कारण ती चालू असल्यास प्रोसेसर कार्डाऐवजी मुख्य रॅमच वाचतो आणि कार्ड बसवलेलेच नाही असे ड्रायव्हरला वाटते. डॉसमध्ये ईएमएम३८६ या मेमरी-व्यवस्थापक प्रोग्रॅमला तो पट्टा वगळण्यास सांगावे लागे. येथे पत्त्याच्या लेखनाकडे विशेष लक्ष द्यावे : कार्डाच्या पुस्तिकेत पत्ता पाच अंकी, तर ईएमएम३८६ च्या सूचनेत तो सेगमेंटच्या रूपात, म्हणजे शेवटचा अंक गाळून चार अंकी लिहितात. डी४००० पासून सुरू होणारी ८ किलोबाइटची विंडो डी५एफएफएफला संपते; म्हणून तिच्यासाठी ‘एक्स=डी४००-डी५एफएफ’ असे लिहावे लागते.