घरगुती संगणकावरील व्हिडिओ संपादन

घरच्या डेस्कटॉपवर किंवा लॅपटॉपवर चित्रणाचे तुकडे निवडणे, कापणे, ओळीने लावणे, त्यांना आवाज व अक्षरे जोडणे आणि शेवटी एक सलग फाइल तयार करणे म्हणजे व्हिडिओ संपादन. मराठवाड्यातल्या फोटो स्टुडिओंत याला सर्रास ‘मिक्सिंग’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत घरच्या संगणकावर येणारी कामे साधारण सारखीच: लग्न, अखंड हरिनाम सप्ताहातले कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन, शेतीवरचा चॅनेल. शिकाऊ माणूस आधी ‘सॉफ्टवेअर कोणते घेऊ?’ असे विचारतो. कामे अडतात ती मात्र फाइलींची मांडणी, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) आणि आवाज या तीन ठिकाणी, आणि ही तिन्ही कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये अडवतात.

संगणक

एचडी म्हणजे १९२० × १०८० चित्रणासाठी चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असली की साधी कापाकापी होते; १६ जीबी रॅमवर ती निवांत होते. पैसे मोजकेच असतील तर आधी एसएसडी घ्यावी, ग्राफिक्स कार्डाचे नंतर बघता येते.

कार्यालयांतून निघालेले जुने डेस्कटॉप बाजारात स्वस्तात मिळतात. ते घेताना प्रोसेसरची पिढी पाहावी. एच.२६४ आणि एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५) या चित्रण दाबून साठवण्याच्या दोन पद्धती. इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या अंगभूत ग्राफिक्सला एच.२६४ फाइल हार्डवेअरवर उलगडता येते, एचईव्हीसी येत नाही. आठ बिट रंगाची एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून आणि दहा बिटची सातव्या पिढीपासून चालते. हल्लीचे बरेच फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसीत चित्रण करतात. ते जुन्या संगणकावर टाकले की चित्र अडखळते आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. उपाय चित्रणाआधीचा आहे. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा एच.२६५ असा पर्याय दिसला तर तो बंद करावा.

सॉफ्टवेअर

फुकट पर्यायांत शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे साध्या संगणकावर चालतात. दोन्हींच्या पोटात एमएलटी हेच इंजिन आहे. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती रंगकामात या दोघांच्या फार पुढे आहे आणि यूएचडीपर्यंत (३८४० × २१६०) एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फाइल, देते. तिला मात्र १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे. लिनक्सवर तिची फुकट आवृत्ती एच.२६४ फाइल घेत नाही, त्यामुळे फोनचे चित्रण आधी रूपांतरित करावे लागते. लग्नाच्या धंद्यात विकतचे एडियस आणि प्रीमियर प्रो रुजलेले आहेत. स्टुडिओत नोकरी करायची असेल तर तेच शिकावे. घरचे काम करणाऱ्याने शॉटकटपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. पायरसीची प्रत वापरण्याचे कारणच आता उरलेले नाही. ती व्हायरस आणते आणि ऐन घाईत बंद पडते.

फाइलींची मांडणी

संपादनाच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रण साठवलेले नसते. कोणती क्लिप कुठे ठेवली आहे आणि तिचा कोणता भाग घ्यायचा, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. म्हणून क्लिपचे नाव बदलले, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा पेनड्राइव्ह काढून घेतला की रिझॉल्व्हमध्ये लाल चौकटीत ‘मीडिया ऑफलाइन’ दिसते. बाहेरची हार्ड डिस्क काल ‘ई’ ड्राइव्ह होती आणि आज ‘एफ’ झाली, एवढ्यानेही तेच होते. चित्रण गेलेले नसते. ‘रिलिंक’ करून नवी जागा दाखवली की सगळे परत येते.

काम सुरू करण्यापूर्वी एक मुख्य फोल्डर करावे. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाकावा. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचे चित्रण ‘२०२५-०९-१७’ असे ठेवले की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आत चित्रण, आवाज, फोटो, प्रोजेक्ट आणि तयार फाइल यांची वेगवेगळी फोल्डरे असावीत. मेमरी कार्डावरून सगळे कॉपी करावे, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करावी, दोन्ही प्रतींतल्या दोन-चार क्लिप उघडून पाहाव्यात आणि मगच कार्ड फॉरमॅट करावे. थेट कार्डावरून संपादन करू नये.

जागेचा हिशेब सोपा आहे: बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) या आकड्याला, आठने भागले की सेकंदाला किती एमबी ते कळते. २० एमबीपीएसचे चित्रण सेकंदाला २.५ एमबी, म्हणजे तासाला ९ जीबी होते. ५० एमबीपीएसचे साडेबावीस. दोन कॅमेऱ्यांवर दिवसभर चाललेले लग्न २५६ जीबीच्या एसएसडीत मावत नाही, हे मांडवात उतरण्याआधीच कळलेले बरे.

नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या क्लिपचा दर्जा आधीच खाली आलेला असतो. त्यांच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागाव्यात.

फ्रेम रेट

टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने लावायच्या पट्टीवर, पहिली क्लिप टाकण्यापूर्वी एका सेकंदात किती चित्रे, हे ठरवावे लागते. रिझॉल्व्हच्या प्रोजेक्टमध्ये चित्रण आले की हा आकडा बदलता येत नाही. भारतातले जुने टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांच्या पाल पद्धतीचे, म्हणून इथल्या कॅमेऱ्यांत २५ आणि ५० हे आकडे रूढ आहेत. फोन ३० वर चालतो. तीसचे चित्रण पंचविसाच्या टाइमलाइनवर टाकले तर दर सहा फ्रेमपैकी एक गळते आणि वरात कॅमेऱ्यासमोरून सरकताना बारीक झटके दिसतात. उलट केले तर दर पाच फ्रेममागे एक दोनदा दिसते. बहुतांश चित्रण ज्या आकड्याचे, तोच टाइमलाइनला द्यावा. सगळे फोनवरचे असेल तर ३० ठेवायला काहीच हरकत नाही.

फोनची दुसरी खोड जास्त त्रासाची. उजेड कमी झाला की फोन फ्रेम रेट खाली-वर करतो. अशी क्लिप सुरुवातीला बरोबर वाटते आणि पुढे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असे होते. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३०, त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ आणि दर्जासाठी आरएफ १८ निवडून क्लिप आधी रूपांतरित कराव्यात. फाइल मोठी होते, ते सोसावे.

मांडवातल्या एलईडी माळा चित्रात लुकलुकतात, याचे कारण विजेत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावरचे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की हा खेळ थांबतो. संपादनात तो पुसणे कठीण आहे.

कापणी

पहिल्या फेरीत रंग, गाणी, इफेक्ट यांना हात लावू नये. सगळे चित्रण पाहून कामाचे तुकडे टाइमलाइनवर क्रमाने लावावेत. जे, के आणि एल या कळांनी मागे, थांबा आणि पुढे चालवता येते. आय आणि ओ या कळांनी तुकड्याची सुरुवात आणि शेवट ठरतो. प्लेहेडपाशी (टाइमलाइनवरच्या उभ्या रेषेपाशी) कापण्यासाठी शॉटकटमध्ये एस, केडेनलाइव्हमध्ये शिफ्ट आणि आर, रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल आणि बी. तुकडा काढताना पुढचे सगळे मागे सरकावे की मोकळी जागा राहावी, हे दोन वेगळे हुकूम आहेत: रिझॉल्व्हमध्ये डिलीट दाबले की फट बुजते, बॅकस्पेस दाबले की राहते. चुकीची कळ दाबली तर पुढचे अख्खे गाणे चित्रापासून सुटते, आणि ते कधी सुटले हे पुष्कळ नंतर कळते.

चित्र अडखळत असेल तर प्रॉक्सी वापरावी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची छोटी, म्हणजे ९६० × ५४० च्या आसपासची प्रत करते, कापणी तिच्यावर होते आणि एक्स्पोर्ट मूळ क्लिपवरून निघतो. जुन्या डेस्कटॉपवर यासारखा दुसरा उपाय नाही.

आवाज: कीर्तनाचे उदाहरण

लग्नात गाणे वर टाकून मूळ आवाज दाबता येतो. कीर्तनात ती सोय नाही. ऐकणारा महाराजांचे शब्द ऐकायला बसलेला असतो. दोन तासांचे कीर्तन कॅमेऱ्याच्या माइकवर घेतले तर भोंग्याचा घुमारा आणि टाळांचा कलकलाट यांत अभंगाचे चरण हरवतात.

चांगला मार्ग म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून स्वतंत्र रेकॉर्डरवर आवाज घेणे. मिक्सरच्या ‘रेक आउट’मधून निघणारा सिग्नल माइकच्या कितीतरी पट जोरकस असतो, तो माइकच्या खाचेत दिला की आवाज फाटतो. रेकॉर्डरवर ‘लाइन इन’ निवडावे. पातळी अशी ठेवावी की बोलताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. ‘पुंडलिक वरदे’च्या गजरात तो वर उसळणारच आहे, आणि शून्याला टेकलेला आवाज पुढे कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करीत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी होते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा. तो वेगळ्या सॉकेटवर लावला की जमिनीच्या जोडणीतल्या फरकाने ५० हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरतो.

कॅमेऱ्याचा आवाजही चालू ठेवावा, कारण जुळवणी त्याच्यावरूनच होते. केडेनलाइव्हमध्ये एका क्लिपला ऑडिओ संदर्भ ठरवून बाकीच्या तिच्याशी जुळवता येतात. शॉटकट आणि रिझॉल्व्हमध्येही आवाजाच्या लहरीवरून जुळवणी आहे. मंडपाच्या मागच्या टोकाला, भोंग्यापासून ३४ मीटरवर असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे २५ च्या टाइमलाइनवर अडीच फ्रेम. आवाजाच्या लहरी जुळल्या तरी ओठ किंचित पुढे दिसतात. त्या कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर हाताने सरकवावी लागते. शिवाय दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. सुरुवात जुळवल्यावर शेवटचा गजर तपासावा आणि फरक पडला असेल तर मधल्या एखाद्या शांत जागी कापून दुरुस्त करावा.

मिक्सरच्या आवाजात फक्त माइकसमोरचे असते. समोर बसलेल्यांचा विठ्ठल-विठ्ठल त्यात नसतो आणि कीर्तन बंद खोलीतल्यासारखे कोरडे लागते. कॅमेऱ्याचा आवाज खाली, मुख्य आवाजापेक्षा १५ ते २० डेसिबल कमी ठेवून मिसळला की मंडप परत येतो. टाळ टोचत असतील तर ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करून पाहावे. घुमारा घालवण्यासाठी खालचा पट्टा कापताना जपून: मृदंगाची डावी बाजू तिथेच असते.

यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) मोठा आवाज स्वतःच खाली आणते, कमी असलेला मात्र वाढवत नाही. शेवटची पातळी त्या आकड्याजवळ आणि शिखर उणे १ डेसिबलवर ठेवावे.

मराठी अक्षरे

डीटीपीच्या दुकानातून श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर सहसा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखा कळणाऱ्या सांकेतिक पद्धतीतला, नसतो. टायटलमध्ये चिकटवला की खुणांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये लिहून मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा फॉन्ट द्यावा. चाचणीसाठी ‘विठ्ठल’, ‘श्रीकृष्ण’ आणि ‘वऱ्हाडी’ हे तीन शब्द पुरतात: वेलांटी, जोडाक्षर आणि अर्धा र एका फटक्यात तपासले जातात. प्रीमियर प्रोमध्ये अक्षरे तुटली तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई मजकुराचे इंजिन निवडावे. कुठेच जमले नाही तर इंकस्केपमध्ये १९२० × १०८० ची पारदर्शक पीएनजी करून ती वरच्या ट्रॅकवर टाकावी. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून नावे डाव्या-उजव्या कडांपासून निदान ९६ पिक्सेल आत असावीत. वधूवरांच्या नावांचे शुद्धलेखन घरच्या माणसाकडून तपासून घ्यावे. पूर्ण रेंडर झाल्यावर (शेवटची फाइल तयार झाल्यावर) निघणारी चूक हीच असते.

ऊन आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तीच फाइल दुपारी जास्त वेळ खाते. रेंडर रात्री लावावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नये, पंख्यातली धूळ काढावी.

वीज गेल्याचा खरा फटका एक्स्पोर्टला बसतो. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. नव्वद टक्क्यांवर वीज गेली तर उरलेली फाइल उघडत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला काही मिनिटेच तगवतो, तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करावे. भारनियमन असलेल्या गावात दोन तासांचे कीर्तन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भागांत एक्स्पोर्ट करावे, म्हणजे गेला तर एक भाग जातो. ऑटोसेव्हची मुदत पाच मिनिटांवर आणावी.

एक्स्पोर्ट

एमपी४ फाइल, एच.२६४ चित्र, एएसी आवाज, ४८ किलोहर्ट्झ. यूट्यूबसाठी १०८० पिक्सेल उंचीच्या, २५ किंवा ३० फ्रेमच्या चित्राला ८ एमबीपीएस ही त्यांचीच शिफारस आहे. फोनवरच्या उभ्या व्हिडिओसाठी चौकट १०८० × १९२० करावी.

गावाकडे मात्र लग्नाचा व्हिडिओ अजून पेनड्राइव्हवर मागतात आणि तो टीव्हीला लावतात. बरेच जुने टीव्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतात, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ८ एमबीपीएसने एका फाइलमध्ये साधारण ७० मिनिटे मावतात. त्यापेक्षा लांब व्हिडिओ हळद, लग्न, वरात असा तोडून द्यावा. एचईव्हीसीत दिलेली फाइल अशा टीव्हीवर काळा पडदा दाखवते किंवा नुसता आवाज देते. देण्याआधी पेनड्राइव्ह संगणकात तपासून भागत नाही. तो एखाद्या टीव्हीला लावून मधून-मधून पाहावा.