तुरुंगातल्या गर्दीचं गणित

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या १,३३० तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसं होती आणि अधिकृत जागा ४,३६,२६६ जणांची होती. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वार्षिक तुरुंग आकडेवारीतले हे आकडे आहेत. म्हणजे शंभर जणांच्या जागेत १३१ जण. ही झाली देशाची सरासरी. महाराष्ट्रात हेच प्रमाण १६० च्या वर होतं, तर दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात १८० च्या आसपास.

हे वाचून वाटतं की आपल्याकडे फार माणसं आत टाकली जातात. जगाशी ताडून पाहिलं की चित्र उलटं दिसतं. भारतात दर लाख लोकसंख्येमागे साधारण ४० माणसं तुरुंगात आहेत, अमेरिकेत पाचशेहून जास्त. इतकी कमी माणसं आत असताना बराकी ओसंडतात कशा? जागा मुळातच कमी आहेत, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं कारण समजायला एक छोटं सूत्र पुरतं.

रांगांच्या गणितात लिटलचा नियम म्हणून ते ओळखलं जातं. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकानं १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसं असतील? रोज येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. धर्मशाळेत रोज १० यात्रेकरू येत असतील आणि प्रत्येक जण ३ दिवस राहत असेल, तर कुठल्याही दिवशी तिथे ३० जण दिसतील. कोण कधी आला, कोण आधी गेला, याने फरक पडत नाही. आवक-जावक साधारण स्थिर असली की झालं.

हेच तुरुंगाला लावू. २०२१ मध्ये देशभरात १८ लाखांहून थोडे जास्त कैदी दाखल झाले आणि वर्षअखेरीस आत ५,५४,०३४ जण होते. भागाकार केला की सरासरी मुक्काम येतो सुमारे ११२ दिवस. हा ढोबळ आकडा आहे, कारण त्या वर्षी संख्या वाढत होती. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते: आवक तेवढीच राहिली आणि मुक्काम ११२ वरून ८५ दिवसांवर आला, तर एकही वीट न रचता गर्दी क्षमतेच्या आत येईल.

कोविडच्या काळात याचा पुरावाच मिळाला. २०१९ अखेर तुरुंगांत ४,७८,६०० जण होते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दाखल होणाऱ्यांची संख्या घटली. शिवाय २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमून कोणाला पॅरोल किंवा अंतरिम जामीन देता येईल ते ठरवायला सांगितलं. तरीही वर्षअखेरीस आकडा ४,८८,५११ वर गेला. आवक कमी होऊन गर्दी वाढली, कारण न्यायालयं जवळजवळ थांबली आणि मुक्काम लांबला. शिक्षा झालेले कैदी १,४४,१२५ वरून १,१२,५८९ वर उतरले, पण खटला चालू असलेले, म्हणजे कच्चे कैदी, ३,३०,४८७ वरून ३,७१,८४८ झाले.

पुढच्या दोन वर्षांत हीच रेघ आणखी वर गेली. २०१९ ते २०२२ या काळात क्षमता ३२,५२७ ने वाढवली गेली आणि कैदी ९४,६२० ने वाढले. कच्च्या कैद्यांची वाढ त्याहूनही मोठी, १,०३,८१५. तेव्हा या तीन वर्षांतली सगळीच्या सगळी वाढ निकालाची वाट पाहणाऱ्यांची आहे. २०२२ अखेर दर चार बंद्यांपैकी तीन जण कच्चे होते.

सरासरीत मात्र एक फसगत दडलेली असते, आणि तुरुंगाबद्दलचे बरेच निर्णय तिथेच चुकतात. एक काल्पनिक कारागृह घ्या. रोज १० जण दाखल होतात. त्यातले ८ जण १५ दिवसांत जामिनावर सुटतात, एक जण ६ महिने राहतो आणि एक जण ३ वर्षं. दाखल होणाऱ्यांचं रजिस्टर पाहिलं तर दहात आठ जण पंधरवड्याचे पाहुणे. आता बराकीत जाऊन मोजा. पंधरवड्याचे ८ गुणिले १५, म्हणजे १२०. सहा महिन्यांचे १८०. तीन वर्षांचे १,०९५. एकूण १,३९५ पैकी ७८ टक्के माणसं त्या एका रांगेतली, जी रजिस्टरात जेमतेम दहा टक्के होती. जास्त राहणारा माणूस मोजणीच्या दिवशी सापडण्याची शक्यताच जास्त, म्हणून हे होतं.

आता उपाय करून पाहू. लहान प्रकरणांतला मुक्काम निम्म्यावर आणला तर ६० जागा मोकळ्या होतात. तीन वर्षांचा मुक्काम दोन वर्षांवर आणला तर ३६५. लहान प्रकरणं लवकर सोडवणं गरजेचं आहेच. पंधरा दिवसांत रोजंदारी जाते, घरचं भाडं थकतं. पण बराकीतली गर्दी कमी करायची तर अडकून पडलेले जुने खटले हातात घ्यावे लागतात. २०२२ च्या आकडेवारीत पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी ११ हजारांवर होते.

दिवस कुठे कुठे गळतात ते आता पाहू. पहिली जागा तारखेची. कैद्याला कोर्टात न्यायला पोलीस बंदोबस्त लागतो, आणि मनुष्यबळ सण, सभा, निवडणूक यांत गुंतलं की ‘पार्टी (पोलिसांची तुकडी) मिळाली नाही’ म्हणून तारीख पुढे जाते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं रिमांडच्या, म्हणजे कोठडी वाढवण्याच्या, तारखा सोप्या झाल्या. आरोप निश्चिती आणि साक्षी मात्र एका तारखेमागे अनेक आठवडे खातात.

दुसरी जागा जामीन मंजूर झाल्यानंतरची, आणि मला ही सगळ्यात अन्यायाची वाटते. हुकूम निघाला की त्यातल्या अटींप्रमाणे जामीनदार उभा करायचा. त्याचं रेशनकार्ड, आधार, पगाराचा दाखला किंवा सातबारा, कधी तहसीलदाराचं ऐपतीचं प्रमाणपत्र. कागद तपासून झाले की सुटकेचा आदेश तुरुंगात जातो. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर त्यासाठी पेटी होती. ती ठरलेल्या वेळी उघडत, आणि संध्याकाळची शेवटची वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. आदेश आला की कारकून नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि कलमं वॉरंटशी जुळवतो आणि दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात ताबा बाकी आहे का ते पाहतो. एक अक्षर जुळलं नाही तर आदेश परत. गाझियाबादच्या कारागृहात सुटकेच्या आदेशात कलमाचं एक पोटकलम लिहायचं राहिलं म्हणून एक माणूस जवळपास महिनाभर आत राहिला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला त्याला ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

इथेही तोच गुणाकार लागतो. एका मोठ्या कारागृहातून रोज १० जणांना जामीन मिळतो आणि हुकूम ते दार या प्रवासाला ७ दिवस लागतात असं धरा. वर्षाचा कुठलाही दिवस घ्या, ७० जागा अशा माणसांनी व्यापलेल्या असतील ज्यांना न्यायालयानं आधीच सोडलं आहे. एका बराकीत २० जण धरले तर साडेतीन बराकी झाल्या या.

यावर नियम आहेत आणि ते चांगले आहेत. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे जामिनाचा हुकूम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंग अधीक्षकाकडे जायला हवा आणि तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंदप्रणालीत नोंदली जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करू शकतं. जामीनदार स्थानिकच हवा ही अट बऱ्याचदा सगळं अडवते. परराज्यातल्या मजुराला ठाण्यात किंवा पुण्यात ओळखीचा घरमालक कुठून मिळणार? पैशाअभावी अडकलेल्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिच्यात कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण नाव जिल्हा समितीपुढे कोणीतरी ठेवावं लागतं.

कायद्यातल्या मुदतींचंही तसंच. दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दाखल झालं नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून करायची, तो दिवस धरून. मात्र अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र आलं की हक्क गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचं. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणून पहिल्यांदा अडकलेल्यासाठी १२ महिने. राहत्या घरातल्या चोरीसारख्या ७ वर्षांच्या कलमात २८ महिने. मुदत भरली की अधीक्षकानंच न्यायालयाला लेखी अर्ज करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तरीही ही सवलत मिळत नाही. ही शेवटची अट फार जणांना बाहेर ठेवते, कारण एकाच प्रसंगात अनेक कलमं लावण्याची रीत आहे. ज्यांनी हा हिशेब स्वतः मांडायचा, त्या कच्च्या कैद्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश निरक्षर किंवा दहावीच्या आत शिकलेले आहेत.

गर्दीचं शरीरावर काय होतं ते बराकीच्या मापांवरून काढता येतं. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत झोपण्याच्या बराकीत दर माणशी ३.७१ चौरस मीटर जमीन आणि १५.८३ घनमीटर हवा धरली आहे, आणि एका बराकीत जास्तीत जास्त २० जण. त्या बराकीत ३२ जण कोंबले, म्हणजे महाराष्ट्राची सरासरी, तर वाट्याला २.३ चौरस मीटर जमीन उरते. सतरंजी अंथरली की बाजूला पाय टाकायला जागा नाही.

जागा प्रमाणात घटते, पण क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराचा धोका त्याहून वेगानं वाढतो. खोकल्यातून उडालेल्या थेंबांचे एक ते पाच मायक्रॉनचे कण हवेत तासन्‌तास तरंगतात. बराकीतली माणसं १.६ पट झाली की जंतू सोडणारे १.६ पट आणि ते श्वासावाटे घेणारेही १.६ पट. खिडक्या तेवढ्याच, हवा तेवढीच. नव्या संसर्गांची संख्या त्यामुळे १.६ गुणिले १.६, म्हणजे सुमारे अडीच पट होते. संध्याकाळच्या गिनतीनंतर बराक बंद होते ती सकाळपर्यंत, म्हणून रात्रीचे तास यात सर्वांत वाईट.

दाखल होतानाच प्रत्येकाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं याबद्दल विचारून संशयितांची थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या जलद चाचण्यांवर तपासली, तर साखळी सुरुवातीलाच तुटते. निदान झाल्यावर दुसरी अडचण येते. साध्या क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा असतो, पहिले २ महिने चार औषधं आणि पुढचे ४ महिने तीन. सरासरी मुक्काम ११२ दिवसांचा. तेव्हा आत उपचार सुरू झालेले बरेच जण तो पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडतात, आणि जामिनावरची सुटका संध्याकाळी अचानक होते, तेव्हा दवाखाना बंद असतो. अर्धवट सुटलेल्या औषधांनी जंतू दाद न देणारे होतात आणि ते घरच्यांपर्यंत पोचतात. म्हणून सुटकेच्या कागदांबरोबर निदान दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या आणि निक्षय (क्षयरोग्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा) क्रमांक हातात द्यावा लागतो, आणि त्याच दिवशी निक्षय पोर्टलवर त्याची नोंद गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करावी लागते. त्यासाठी पत्ता दाखल होताना नीट विचारून घ्यायचा. पोलिसांच्या कागदावर बहुतेक वेळा अटकेच्या ठिकाणचा पत्ता असतो, आणि सुटलेला माणूस जातो गावाला.