कॅथलिक विद्यार्थी सेवाकार्य

कॅथलिक विद्यार्थी सेवाकार्य : विद्यापीठात वा महाविद्यालयात शिकणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या समुदायाने अभ्यास सांभाळून, ठरलेल्या वारी, गरजू माणसांकडे जाऊन विनामोबदला केलेले काम. त्यात दोन धागे असतात. भुकेल्याला आज जेवू घालणे हा पहिला आणि तो भुकेला का राहिला याचा छडा लावणे हा दुसरा. पहिल्याला चर्चच्या लॅटिन भाषेत ‘कारितास’ म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘दानधर्म’ असे केले जाते, पण ते तोकडे पडते. मराठी बायबलमध्ये विश्वास आणि आशा यांच्या जोडीला जी ‘प्रीती’ येते, तीच ही कारितास. दुसऱ्या धाग्याचे नाव सामाजिक न्याय. या दोहोंची ओढाताण १८३३ पासून चालू आहे.

त्या वर्षी पॅरिसमध्ये कायदा शिकणारा फ्रेदेरिक ओझानाम (१८१३–५३) आणि त्याचे मित्र एक वादमंडळ चालवत होते. एमान्युएल बाय्यी हे वयाने मोठे पत्रकार त्यांचे पाठीराखे होते. मंडळात सगळ्या मतांची मुले येत. चर्चने इतिहासात केलेल्या चांगल्या कामांचा पाढा ओझानाम वाचू लागला, तेव्हा सां-सिमोनच्या समाजवादी पंथातल्या एका विद्यार्थ्याने त्याला अडवले : पूर्वी केले असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? प्रश्न जिव्हारी लागण्याजोगा होता. आदल्याच वर्षी कॉलऱ्याने पॅरिसमध्ये सुमारे १८ हजार माणसे दगावली होती आणि त्यातली बहुतेक दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांतली होती. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि बाय्यी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. त्यांनी आपल्या गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हटले, कारण वादमंडळाचेही नाव तेच होते. पुढे व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०) या संताच्या नावाने संस्था जगभर पसरली, तरी तिच्या प्रत्येक शाखेला अजून कॉन्फरन्सच म्हणतात. वादविवादाचे नाव मदतकार्याला चिकटले, ते चिकटलेच.

मुलांकडे उत्साह भरपूर होता, अनुभव मात्र शून्य. त्यांना वाट दाखवली ती रोझाली रांद्यू (१७८६–१८५६) या धर्मभगिनीने. पॅरिसच्या म्युफ्तार भागात तिचे आयुष्य गेले होते, कुठल्या जिन्यावर कोण आजारी आहे हे तिला पाठ होते. तिने मुलांना कुटुंबे नेमून दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि घरात कसे वागायचे तेही शिकवले. आज या क्षेत्रात ज्याला प्रशिक्षण म्हणतात, ते त्या बाईने असे वस्तीतच उरकले. संस्थेच्या इतिहासात संस्थापक म्हणून ओझानामचे नाव येते. निम्मे श्रेय रांद्यूचे आहे, असे म्हणायला हरकत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओझानामला १९९७ मध्ये आणि रांद्यूला २००३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

या परंपरेची खरी कमाई म्हणजे घरभेट. सदस्य जोडीने जातात, एकटे कधीच नाही. गरजूला कचेरीत बोलावून रांगेत उभे करायचे नाही, त्याच्या उंबऱ्याशी जायचे. मग चूल पेटली आहे की नाही, पांघरूण किती जणांत एक आहे, पोर शाळेत का गेले नाही, हे विचारावे लागत नाही, दिसते. बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि जमेल ते सोडायचे. कोणी नोट टाकली, कोणी नाणे आणि कोणाचा हात रिकामाच बाहेर आला, हे शेजाऱ्याला कळत नाही. महिनाअखेरीला खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्याला मान खाली घालावी लागू नये, याची सोय त्या पिशवीत आपसूकच झाली आहे.

ओझानाम मात्र तेवढ्यावर थांबला नाही. काहीच नसलेले आणि भरमसाट असलेले यांच्यात झुंज जुंपणार, असे त्याने १८३६ च्या पत्रांतच लिहून ठेवले होते. लियाँ शहरात तो व्यापारी कायदा शिकवू लागला, तेव्हा मजुरीच्या प्रश्नावरही वर्गात बोलला. कामगाराचे पोट, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपण हे सगळे मजुरीत धरले पाहिजे, हा त्याचा मुद्दा. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १८९१ मध्ये निघाले.

विसाव्या शतकात न्यायाच्या धाग्याला पद्धत मिळाली ती बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७) यांच्याकडून. तरुण कामगारांसाठी त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : बघा, पारखा, करा. कामगार संघटनांतून ही पद्धत विद्यार्थी संघटनांत आली आणि १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्या परिपत्रकानेही तिला दुजोरा दिला. १९७१ च्या बिशपांच्या धर्मसभेने न्यायासाठी झटणे हे सुवार्ताप्रसाराचे अंगभूत काम ठरवले. त्यानंतर ‘हे राजकारण आहे, चर्चचे काम नव्हे’ हा आक्षेप पुरता थांबला नसला, तरी दुबळा पडला.

अमेरिकेत या कामाचे ठिकाण बहुधा ‘न्यूमन सेंटर’ असते. कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांचा पहिला न्यूमन क्लब १८९३ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठात निघाला. त्याला नाव दिले ते इंग्लंडचे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन (१८०१–९०) यांचे. रविवारची मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना, तिच्यानंतर खाणेपिणे आणि आठवड्यात एखादी संध्याकाळ सेवेची, असा तिथला साधारण क्रम असतो. अन्नछत्रात वाढणे, निर्वासितांच्या मुलांची शिकवणी, तुरुंगातल्या भेटी ही नेहमीची कामे. वसंतातल्या सुट्टीत समुद्रकिनारी जाण्याऐवजी गरीब भागात आठवडाभर घरे बांधायला जाण्याचीही प्रथा आहे. काम आटोपल्यावर गोल करून बसायचे आणि बोलायचे : कोण भेटले, काय खटकले, हे असे का आहे? ही बैठक टाळली की उरते नुसती हमाली, असे जुने कार्यकर्ते सांगतात. अमेरिकी बिशप दानकार्य आणि न्यायकार्य यांना प्रीतीची दोन पावले म्हणतात.

दुसरे पाऊल किती महाग पडू शकते हे १६ नोव्हेंबर १९८९ ला दिसले. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या लष्कराच्या सैनिकांनी सान साल्वादोरमधल्या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यापीठात सहा धर्मगुरू, त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी बाई आणि तिची मुलगी यांना गोळ्या घातल्या. या विद्यापीठाने गरिबांची बाजू उघडपणे घेतली होती. मारेकऱ्यांपैकी काही जण अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणशाळेत शिकून आले होते. त्या शाळेच्या फाटकापाशी, जॉर्जिया राज्यात, १९९७ पासून जेझुइट महाविद्यालयांचे विद्यार्थी दर नोव्हेंबरात जमू लागले. पुढे हा मेळावा वॉशिंग्टनला हलला. तिथे विद्यार्थी लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांत जाऊन स्थलांतरितांच्या प्रश्नावर निवेदने देतात.

या चळवळीवरची सर्वांत बोचरी टीका घरातूनच झाली. धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण केले. भाषा येत नाही, गाव ठाऊक नाही आणि निघालात उद्धार करायला, असा त्यांचा रोख होता. बघायला या, डोंगर चढा, अभ्यास करा. मदत करायला मात्र येऊ नका, असे त्यांनी तोंडावर सांगितले. हे भाषण आजही अनेक ठिकाणी स्वयंसेवकांना निघण्यापूर्वी वाचायला देतात. टीका पचवायची ही रीत भली खरी, पण वाचूनही बहुतेक जण जातातच.

भारतात ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन ही विद्यार्थी संघटना १९२४ मध्ये मद्रासला सुरू झाली. तिच्यामागे फ्रेंच जेझुइट पिएर कार्टी होते. आरंभी धर्मशिक्षण आणि नेतृत्व यांवर भर होता; पुढे दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांचे प्रश्न पुढे आले. खेड्यात राहून येण्याला या वर्तुळात ‘एक्स्पोजर’ म्हणतात. मराठी वाचकाला याचा अंदाज राष्ट्रीय सेवा योजनेवरून येईल : १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही सरकारी योजना, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर. फरक असा की तिथे तासांची नोंद आणि प्रमाणपत्र असते, कॅथलिक गटांत प्रार्थना आणि मनाची झडती.

सेवेच्या आडून धर्मांतर होते, हा आरोप इथे जुना आहे. चर्चची अधिकृत भूमिका पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या २००५ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे : प्रीतीचे काम हे कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचे साधन करू नये. ओझानामच्या कॉन्फरन्सही गरजूचा धर्म पाहत नाहीत. मुंबई-वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, त्या आजही चालतात, पण तिथे सदस्य बहुधा विद्यार्थी नसून निवृत्त मंडळी असतात. विद्यार्थ्यांनी काढलेल्या संस्थेची ही गंमतच.

मुंबईत १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने सेवेला पदवीच्या चौकटीत बसवले. तिथल्या समाजसहभाग उपक्रमात विद्यार्थ्याला ६० तास द्यावे लागतात, मग तो कोणत्याही धर्माचा असो. सक्तीची सेवा ही सेवाच का, हा प्रश्न त्यामुळे उठतोच. याच महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र आहे. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो; तो होणे हीही सेवाच. त्याने ऐकायचे तसेच उतरवायचे असते. उत्तर चुकते आहे हे कळत असले तरी एक अक्षर आपल्या मनाचे घालायचे नाही.