बीटल्सच्या गाण्यातलं आपलं फोर्ट

लंडनचा ॲबी रोड सगळ्यांना माहितीये, बीटल्स या ब्रिटिश बँडचे चौघं रस्ता ओलांडतायत तो १९६९ चा फोटो, आणि २०१० मध्ये त्या झेब्रा क्रॉसिंगला सरकारी वारसा दर्जा पण मिळाला. पण बीटल्सच्या रेकॉर्डिंगचा एक पत्ता आपल्या मुंबईतला आहे, फोर्टातली सर फिरोजशहा मेहता रोडवरची युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग, तिथे तेव्हा एचएमव्हीचा स्टुडिओ होता. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

आधी थोडं मागे जाऊ. सप्टेंबर १९६६ मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला, ओळखू येऊ नये म्हणून मिशी ठेवलेली, तरी लिफ्टवरच्या पोराने ओळखलंच. मग हॉटेलखाली पोरापोरींची ही गर्दी, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि शेवटी शिकवणी काश्मीरला हलली.

जानेवारी १९६८ मध्ये तो परत आला तो कामासाठी. 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत त्याच्याकडे होतं, थोडं काम लंडनला झालेलं आणि भारतीय वाद्यांचा भाग त्याला इथल्याच वादकांकडून हवा होता. एचएमव्ही म्हणजे ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचीच इथली कंपनी आणि बीटल्स पण ईएमआयचेच, त्यामुळे स्टुडिओ घरचाच म्हणायचा. अडचण मशीनची होती. स्टिरिओसाठी टू-ट्रॅक मशीन हवं होतं ते कलकत्त्याहून आणलं, ग्रामोफोन कंपनीचे (म्हणजे एचएमव्हीचेच) भास्कर मेनन स्वतः घेऊन आले, हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.

आणि स्टुडिओ साउंडप्रूफ नव्हता! खालच्या रस्त्याचा आवाज आत यायचा, आणि संध्याकाळी साडेपाचला बिल्डिंगमधली ऑफिसं सुटली की जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या पायांचा आवाज माइकमध्ये जायचा म्हणून रेकॉर्डिंग थांबवायला लागायचं, हे हॅरिसनने नंतर स्वतः सांगितलंय. फोर्टात ज्याने नोकरी केलीये त्याला ती साडेपाचची घाई डोळ्यासमोर येईल.

वादक कोण होते बघा. सरोदवर आशिष खान म्हणजे उस्ताद अली अकबर खानांचे चिरंजीव, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला-पखवाजवर महापुरुष मिश्रा, सनईवर हनुमान जाधव. आणि सिनेमाचं काम उरकल्यावर वेळ उरला म्हणून हॅरिसनने एका नवीन गाण्याचं संगीत पण तिथेच करून घेतलं, त्यात बासरीला हरिप्रसाद चौरसिया, हार्मोनियमला रिजराम देसाद. ते गाणं म्हणजे 'द इनर लाइट'. शब्द चीनच्या ताओ ते चिंग या प्राचीन ग्रंथावरून घेतलेले, सुचवले केंब्रिजला संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारोंनी पत्र लिहून.

गायन फेब्रुवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत झालं आणि १५ मार्च १९६८ ला 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) मागच्या बाजूला ते आलं, बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं पहिलंच गाणं. सिनेमाचं संगीत 'वंडरवॉल म्युझिक' म्हणून नोव्हेंबरमध्ये निघालं, बीटल्सपैकी एकाचा पहिला सोलो अल्बम, बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल रेकॉर्ड कंपनीचा पण पहिलाच. त्याच काळात बीटल्स जिथे राहिले तो महर्षी महेश योगींचा ऋषिकेशचा आश्रम गाजला आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला, पण माझ्या मते संगीताच्या दृष्टीने फोर्टातले ते चार-पाच दिवस तितकेच मोलाचे आहेत, कारण ऋषिकेशला गाणी सुचली, आणि इथे संगीत प्रत्यक्ष टेपवर वाजलं.

कानात हेडफोन घालून 'द इनर लाइट' एकदा ऐका. सुरुवातीला सरोद आणि सनई एकमेकांना उत्तर देत धावतात, खाली पखवाज, मग एकदम लय उतरते आणि हॅरिसन गायला लागतो तेव्हा सोबतीला बासरी आणि हार्मोनियम. २०१४ मध्ये याच गाण्याचा नुसत्या वाद्यांचा एक टेक पण बाहेर आला, गाणाराच नाही, फक्त मुंबईतले ते वादक.