पुणे जिल्ह्यातील माता-बाल आरोग्यकार्य

गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि अर्भके यांचे आजार व मृत्यू कमी व्हावेत म्हणून पुणे शहरात व जिल्ह्यात चालत आलेले काम. सुरुवातीला ते बाळंतपणाच्या खाटेभोवती होते. पुढे ते गावात, घरात आणि मुलीच्या लग्नाआधीच्या वयापर्यंत मागे सरकत गेले.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे गुपचूप बाळंत होता येई. हे समाजसुधारणेचे काम म्हणून ओळखले जाते. पण चोरून होणाऱ्या बाळंतपणात मुलाबरोबर आईचाही जीव जाई, तेव्हा आरोग्याच्या इतिहासातही त्याची जागा पहिलीच. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा घरीच सुईणीच्या हाती राहणे बरे, असे मानणाऱ्या घरांत या शिकलेल्या बायकांना प्रवेश मिळणे सोपे होते.

रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय १९१२ चे. डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) तेथे १९४४ मध्ये रुजू झाल्या, तेव्हा ते लहानसे प्रसूतिगृह होते. शहरातली खाट कितीही चांगली असली तरी खेड्यातली अडलेली बाई तिथवर पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, हे त्यांनी ओळखले आणि १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक करायचे, ही त्यामागची कल्पना. आज अंगणवाडीत भेटणाऱ्या आशाताईचे काम याच वाटेवरचे आहे. कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरंदर तालुक्यात १९८७ पासून काम करणाऱ्या ‘मासूम’ या संस्थेने कुटुंबातील हिंसा आणि स्त्रीचे आरोग्य हे विषय एकत्र धरले. सरकारी कार्यक्रमांना ते क्वचितच जमले आहे.

जगाने सर्वाधिक दखल घेतली ती डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या अभ्यासाची. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आहार, कष्ट आणि बाळाची मापे त्यांनी नोंदवली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत ती बरीच हडकुळी होती, मात्र त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे मोठी होती. बऱ्याच आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होते. आईत ब१२ कमी आणि फोलेट (फोलिक आम्ल हे त्याचेच गोळीतले रूप) जास्त, अशा जोडीत मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे, अधिक आढळला. गरोदरपणात फोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास देणाऱ्या देशात हा निष्कर्ष अडचणीचाच म्हणायचा. पुढे याच मुलामुलींना पौगंडावस्थेत, म्हणजे गर्भधारणेच्या आधीच, ब१२ देऊन पाहण्याची चाचणी हाती घेण्यात आली.

सध्या महापालिकेची प्रसूतिगृहे, कमला नेहरू रुग्णालय, गुंतागुंतीच्या बाळंतपणांसाठी ससून रुग्णालय आणि खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे अशी साखळी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशात केरळनंतरचे सर्वांत कमी.

या सरासरीत न दिसणारी अडचण फिरत्या बाईची आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. नाव हडपसरला नोंदवलेली सून सातव्या महिन्यात मराठवाड्यात जाते, तेव्हा तिची फाईल सासरी आणि ती माहेरी. वाघोलीच्या बांधकामावरची मजूर बाई किंवा बारामती-इंदापूरच्या फडातली ऊसतोड कामगार यांचे तर हंगामाबरोबर गावच बदलते. स्वतःजवळचे गरोदरपणाच्या नोंदींचे कार्ड दाखवले की कोणत्याही केंद्रात तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात ‘तुमचे गाव कोणते’ हाच पहिला प्रश्न असतो.