श्वासनलिकेचे अस्तर आणि एका मेदाम्लाच्या दोन वाटा

गोव्यात आषाढ लागला की भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते आणि घरातला दमेकरी रात्री उठून बसतो. त्याच्या श्वासनलिकेभोवतीचा स्नायू आवळला गेलेला असतो. हा स्नायू एरवी सैल राहतो, त्यात नलिकेच्या आतील नाजूक अस्तराचाही हात असतो. कुत्र्याच्या श्वासनलिकेच्या तुकड्यांवरील अस्तर खरवडून काढले, तर हिस्टामिन या अॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनामुळे त्यांचा स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो, असे 1985 साली प्रयोगांतून दिसले.

अस्तराच्या पेशींच्या आवरणात अॅराकिडोनिक आम्ल हे 20 कार्बनांचे मेदाम्ल साठवलेले असते. धूळ, परागकण किंवा जंतू यांचा त्रास झाला की ते सुटे होते आणि सायक्लोऑक्सिजिनेज या विकरामुळे त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होते. हा रेणू शेजारच्या स्नायूपेशींतील चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवून त्यांना सैल करतो. दमेकऱ्याचा साल्ब्युटामॉलचा पंपही वेगळ्या दाराने शिरून हेच साधतो. मात्र हेच आम्ल मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या रोगप्रतिकारक पेशींत 5-लायपॉक्सिजिनेज या दुसऱ्या विकराच्या हाती पडले, तर त्याची ल्युकोट्रिने होतात, आणि ती हिस्टामिनपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावीपणे नलिका आवळतात, शिवाय सूज व कफही वाढवतात. (बांगड्यातील ओमेगा-3 मेदाम्लापासून बनणारी काही ल्युकोट्रिने दुबळी असतात, पण म्हणून हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, दम्याचे औषध समजणे मला घाईचे वाटते.)

या दोन वाटांचा तोल किती नाजूक आहे, हे अॅस्पिरिनने उघड होते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवल्याप्रमाणे अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. काही दमेकऱ्यांत, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ मांसल वाढ) असणाऱ्यांत, प्रोस्टाग्लँडिन ई-2 चा लगाम त्यामुळे सुटतो, ल्युकोट्रिने उसळतात आणि डोकेदुखीसाठी घेतलेल्या गोळीने तीन तासांच्या आत धाप लागते. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनीही तसेच होऊ शकते, म्हणून अशा रुग्णाने वेदनाशामक मागताना औषधविक्रेत्याला दम्याची कल्पना द्यावी. माँटेलुकास्ट हे औषध ल्युकोट्रिनांना स्नायूवर बसू देत नाही.

मग प्रोस्टाग्लँडिन ई-2 चाच फवारा का देत नाहीत? तो देऊन पाहिला गेला आहे. स्नायू सैल होण्याबरोबरच श्वासमार्गातील मज्जातंतूही चेतवले जातात आणि रुग्णाला खोकल्याची उबळ येते.